आपल्या भागाची सभा: नाशिकमध्ये नागरिक सभा कशी भरवावी आणि ठराव कसा पुढे न्यावा

नाशिककर एकत्र येत नाहीत असं म्हणता येणार नाही. दोन दिवस नळाला पाणी आलं नाही की विभागीय कार्यालयावर हंडे जातात. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले. पण मोर्चात मागणी आधीच ठरलेली असते आणि जनता दरबारात जो तो आपापला अर्ज घेऊन रांगेत उभा असतो. नागरिक सभा या दोन्हींपेक्षा वेगळी. तिच्यात एका भागातले रहिवासी एकमेकांसमोर बसतात, कागद पाहतात, वाद घालतात आणि सगळ्यांच्या नावाने एक ठराव करून तो महापालिकेपर्यंत नेतात. सभेचे दोन तास हा या कामाचा सर्वांत छोटा भाग आहे. आधीचे दोन महिने आणि नंतरचे तीन महिने सांभाळले तरच त्या दोन तासांना अर्थ राहतो.

कायद्याचा आधार किती

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या, म्हणजे प्रभाग समित्या, असाव्यात असं तिच्यात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक म्हणजे सिडको, असे महापालिकेचे सहा विभाग आहेत. प्रभाग समिती या पातळीवर काम करते. नगरसेवकांखेरीज स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी तिच्यावर नेमता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

२००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यात आणखी एक पायरी घातली: क्षेत्रसभा. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभासद आणि नगरसेवक अध्यक्ष. कोणती कामं आधी व्हावीत हे सुचवणं, योजनांचे पात्र लाभार्थी सुचवणं, पाणी-दिवे-स्वच्छतेतल्या उणिवा दाखवणं ही तिची कामं. कायद्यात असली तरी राज्यातल्या शहरांत ती क्वचितच भरते. नाशिकमध्ये तर मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता, म्हणजे अध्यक्षच नव्हता.

म्हणून रस्ता दुहेरी ठेवा. नगरसेवकांना आणि विभागीय अधिकाऱ्यांना कायद्यातली क्षेत्रसभा बोलवा असं लेखी पत्र द्या. ती बोलावली जाईपर्यंत थांबू मात्र नका, रहिवाशांची सभा स्वतः भरवा. अशा सभेचा ठराव महापालिकेवर बंधनकारक नसतो, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांगून टाका. बंधन नसलं तरी त्याला वजन आणता येतं. किती लोक आले, ते कसे निवडले, कोणती माहिती समोर होती, विरोधात कोण बोललं, हे सगळं कागदावर असेल तर तो ठराव बाजूला सारणं कुठल्याही कार्यालयाला जड जातं.

नियम ठरवताना ग्रामसभेचा नमुना घ्या. तिची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी तो. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. या दोन्ही गोष्टी शहरात जशाच्या तशा उपयोगी पडतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तर आधी अभ्यासगटात विषय पुरता समजून घ्यायचा आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं, ही पद्धत वर्षानुवर्षं चालवून दाखवली. शहरातल्या सभेने तिथून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासगट.

हद्द आणि विषय

पूर्ण प्रभाग घेऊ नका. नाशिकचे बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे आहेत आणि पन्नास हजारांच्या आसपास वस्तीची सभा कुणालाच पेलत नाही. तीन मतदान केंद्रांचा भाग घ्या. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात, म्हणजे तीन-साडेतीन हजार मतदार आणि चालत वीस मिनिटांत पार होणारी हद्द. ती नकाशावर आखताना नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग अशा खुणा धरा. नासर्डीच्या दोन काठांवरचे लोक एकाच सभेत घेतले तर पुलाचा विषय सोडून दुसरं काही पुढे जात नाही.

एका सभेला एकच विषय, फार तर दोन. विषय निवडताना आधी विचारायचं की याचा निर्णय कुणाच्या हातात आहे. इथेच सर्वांत जास्त सभा फुकट जातात. द्वारका किंवा मुंबई नाक्यावरच्या महामार्गाचा प्रश्न राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे जातो. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतीतले बरेच प्रश्न एमआयडीसीकडे, विजेचे महावितरणकडे, सिग्नलच्या वेळा आणि नो पार्किंग वाहतूक पोलिसांकडे. शहर बस सिटिलिंककडे आहे, म्हणजे महापालिकेच्याच परिवहन कंपनीकडे. देवळाली कॅम्पात महापालिका नाहीच, छावणी परिषद आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या कामांपैकी काही महापालिकेची, काही सार्वजनिक बांधकाम विभागाची, आणि त्यांवर कुंभमेळा प्राधिकरण. काम कोणाचं हे कळायला जागेवरचा फलक वाचा. फलक नसेल तर विभागीय कार्यालयातल्या शाखा अभियंत्याला लेखी विचारा.

‘गोदावरी स्वच्छ करा’ हा सभेचा विषय होऊ शकत नाही, कारण त्यावर हो म्हणण्यापलीकडे काही ठरत नाही. ‘आपल्या भागातून वाघाडी नाल्यात सांडपाणी कुठे सुटतं आणि त्यातली कोणती तोंडं आधी बंद करावीत’ हा विषय आहे. ‘रस्ते सुधारा’ नाही. ‘उपलब्ध निधीत शाळेसमोरचा पदपथ आधी की मागच्या गल्लीतलं पावसाळी गटार आधी’ हा आहे. दोन बाजू निघाल्या तरच लोक बोलतात.

कागद आधी गोळा करा

विषय ठरला की पाच-सहा जणांचा अभ्यासगट करा. त्यात किमान दोन महिला, एक भाडेकरू आणि विषयाच्या दोन्ही बाजूंचा एकेक माणूस असावा. फक्त एका बाजूच्यांचा अभ्यासगट असला की सभेत पहिलाच प्रश्न येतो, ‘हे कुणी ठरवलं?’, आणि पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

माहिती अधिकाराचा अर्ज सभेच्या किमान ४५ दिवस आधी टाका. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस आणि छायाप्रतीला पानामागे २ रुपये. पानं फार असतील तर प्रती मागण्याऐवजी अभिलेख पाहणीचा अर्ज करा: पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. रस्त्याच्या कामासाठी चार कागद नेमके मागा: कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याचा लेखी आदेश, मोजमाप पुस्तकातली संबंधित पानं आणि दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत आहे त्याची नोंद. शेवटचा कागद सगळ्यांत मोलाचा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. अशा वेळी सभेने नवा निधी मागणं म्हणजे तेच काम दुसऱ्यांदा विकत घेणं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा आणि सभेच्या माहितीपत्रकात ‘अर्ज अमुक तारखेला दिला, उत्तर नाही’ एवढं छापा.

झाडांचा विषय असेल तर पंचेचाळीस दिवसांची चैन मिळत नाही. झाडतोडीच्या जाहीर नोटिशीनंतर हरकतींना सात दिवसच असतात. सभा त्या आठवड्यातच घ्यावी लागते आणि प्रत्येकाची हरकत वेगळी, सहीनिशी जावी लागते.

गोळा झालेलं सगळं एका पानावर आणा, दोन्ही बाजूंनी छापलं तरी चालेल. आजची स्थिती, दोन किंवा तीन पर्याय, प्रत्येकाचा अंदाजे खर्च, आणि कुणाला त्रास होईल तेही. शेवटचा मुद्दा गाळायचा मोह होतो. गाळू नका, ज्याचं दुकान पदपथामुळे आत जाणार आहे तो सभेला येणारच आहे.

बोलावणं

व्हॉट्सअॅपवर निरोप टाकला की नेहमीचे तीस जण येतात. सोसायट्यांचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, एक-दोन इच्छुक उमेदवार. ते यावेतच, पण तेवढेच आले तर ती सभा त्या भागाची होत नाही. यावर उपाय चिठ्ठीचा. जगात बऱ्याच ठिकाणी नागरिक सभा याच तत्त्वावर चालतात. आयर्लंडने २०१६ मध्ये सोडतीसारख्या पद्धतीने निवडलेल्या ९९ नागरिकांची सभा बसवली, आणि तिच्या शिफारशींनंतर २०१८ मध्ये गर्भपाताच्या बंदीवर सार्वमत झालं.

आपल्याला एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरज नाही. तीन केंद्रांच्या मतदार याद्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. समजा ३,३०० नावं आहेत आणि ११० जणांना खास आमंत्रण द्यायचं आहे. मग दर तिसावं नाव घ्यायचं. सुरुवातीचा आकडा १ ते ३० च्या चिठ्ठ्यांतून चारचौघांसमोर, शक्यतो एखाद्या लहान मुलाच्या हातून काढा. १७ निघाला तर १७, ४७, ७७ असं पुढे. यादीत एका घरातली माणसं एकाखाली एक असतात, त्यामुळे तीसच्या उडीने एकाच घरातले दोघे सहसा येत नाहीत. नाव मयत किंवा स्थलांतरित निघालं तर लगेच खालचं घ्या, मनाला येईल ते नाही.

मतदार यादीत भाडेकरू क्वचित असतात. सिडको, अंबड, सातपूरच्या भागांत खानदेशातून आणि परप्रांतातून कामाला आलेली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात आणि नाव मात्र गावाकडच्या यादीत. त्यांच्यासाठी वेगळी यादी करा: खोल्या भाड्याने असलेल्या इमारती मोजा आणि दर पाचव्या खोलीचं दार वाजवा. बोलावणं अहिराणीत किंवा हिंदीत केलं तर माणूस दारातच मोकळा होतो.

आमंत्रण छापील, नावानिशी आणि हातात. एकदा दहा दिवस आधी, दुसऱ्यांदा दोन दिवस आधी. ११० मधले पस्तीस-चाळीस आले तरी समाधान माना. सभा सगळ्यांना खुलीच असते. चिठ्ठीने आलेल्यांना गटात बोलण्याची पहिली पाळी द्यायची, एवढाच फरक.

महिलांची बैठक सभेच्या तीन-चार दिवस आधी, दुपारी तीन ते साडेचारच्या सुमारास, कुणाच्या तरी ओट्यावर किंवा अंगणवाडीत घ्या. तिथे निघालेले मुद्दे दोन महिलांनी मुख्य सभेत सुरुवातीलाच मांडायचे, शेवटी नाही. शेवटी ठेवले की लोक उठायला लागलेले असतात.

वेळ, जागा, परवानगी

रविवार संध्याकाळ पाच ते सात बहुतेक भागांत जमते. तुमच्याकडे नळाला पाणी त्याच वेळी येत असेल तर वेळ बदला, कारण पाण्याच्या वेळेला घरचं कुणी बाहेर पडत नाही. कारखान्यांतल्या पाळ्या, चौकातला आठवडे बाजार, दहावी-बारावीच्या परीक्षा, आणि गोदाघाटाजवळ राहत असाल तर पर्वणी आणि यात्रा, हे सगळं पाहून तारीख धरा. जून ते सप्टेंबर उघड्यावर घेऊ नका.

जागा म्हणजे महापालिकेची शाळा, समाजमंदिर किंवा अभ्यासिकेचं सभागृह. मंदिराचं आवार किंवा पक्षाचं संपर्क कार्यालय फुकट मिळालं तरी नको, काही जण तिथे पायच ठेवत नाहीत. पहिला मजला आणि लिफ्ट नाही अशी जागाही टाळा.

बंद सभागृहात साधा स्पीकर पुरतो. उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिस ठाण्याची परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. पोलिस आयुक्तालयाकडून अधूनमधून महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात. ते सुरू असतील तर पाचजणांच्या जमावालाही अडचण येऊ शकते, म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वी ठाण्यात चौकशी करा आणि अर्जाची पोच घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर सरळ पुढे ढकला.

विभागीय अधिकाऱ्यांना दहा दिवस आधी पत्र द्या, आणि त्याला चार-पाच प्रश्न जोडा. प्रश्न आधी न दिल्यास आलेला अभियंता ‘माहिती घेऊन सांगतो’ एवढंच म्हणतो, आणि त्याचं तरी काय चुकलं? प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र जाऊ द्या. एकाला फोन आणि दुसऱ्याला पत्र असं झालं की सभा कोणाची याची चर्चा तिसऱ्या दिवशी चौकात सुरू होते.

सभेचा दिवस

साठ माणसांसाठी सत्तर खुर्च्या, आठ-आठच्या गोलात. व्यासपीठ मांडू नका. नगरसेवक आणि अधिकारी वेगळ्या ओळीत, पण सगळ्यांच्या पातळीवर बसतील. वीस लिटरचे दोन पाण्याचे जार, प्रत्येक गटाला एक मोठा कागद आणि दोन स्केच पेन, दाराशी नोंदवही, भिंतीवर हाताने काढलेला भागाचा मोठा नकाशा. फलकावर फक्त सभेचं नाव, तारीख आणि विषय. त्यावर कुणाचा फोटो नाही. हार-नारळ-सत्कारही नाही, पाच पाहुण्यांचा सत्कार म्हणजे अर्धा तास गेला, आणि तोच अर्धा तास शेवटी ठरावाच्या वेळी कमी पडतो.

कामं पाच जणांत वाटा. एक सूत्रसंचालक, ज्याने त्या दिवशी स्वतःचं मत मांडायचं नाही. एक घड्याळ राखणारा, शक्यतो तरुण आणि भीड न बाळगणारा. इतिवृत्त लिहायला दोघं, कारण एक जण ऐकताना हरवतो. दाराशी एक, जो येणाऱ्याला १ ते ८ आकड्यांची चिठ्ठी देतो. त्या आकड्याच्या गोलात बसायचं. यामुळे एका सोसायटीचे लोक गठ्ठ्याने बसत नाहीत, आणि बंगल्यातला माणूस चाळीतल्या माणसाशेजारी येतो. ही चिठ्ठी काही जणांना आवडत नाही, तरी सोडू नका. सभेचा सूर तिच्यामुळे बदलतो.

पहिली पंधरा मिनिटं माहितीपत्रक मोठ्याने वाचायचं. वाचता न येणारे असतात आणि चष्मा घरी विसरलेले त्याहून जास्त. मग महिलांच्या बैठकीचे मुद्दे. त्यानंतर चाळीस मिनिटं गटचर्चा: आधी प्रत्येकाला दोन मिनिटं, कुणी मधे बोलायचं नाही, मग खुली चर्चा. अधिकारी या वेळात गोलांतून फिरून शंकांना उत्तरं देतात, भाषण करत नाहीत. पुढे प्रत्येक गटाने तीन मिनिटांत आपलं म्हणणं सांगायचं. उरलेला अर्धा तास निर्णयाला ठेवा.

कुणीतरी उठून आपल्या घरासमोरच्या चेंबरची गोष्ट सुरू करणारच. त्याला गप्प बसवू नका, त्याची अडचण खरी असते. भिंतीवर ‘वेगळ्या तक्रारी’ असा कागद लावा, त्यावर नाव आणि तक्रार लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी एनएमसी ई-कनेक्ट अॅपवर नोंदवून तक्रार क्रमांक त्या माणसाला पाठवा. असं खरंच केलं तर पुढच्या सभेत तो तुमच्यासाठी दारोदार फिरेल.

निर्णय कसा करायचा

हात वर करून घेतलेलं मत सर्वांत सोपं आणि सर्वांत फसवं. शेजाऱ्याकडे पाहून हात वर जातो, आणि सुनेचा हात सासू बसली असेल तर जातच नाही. पर्याय दोनाहून जास्त असतील तर चिंचोक्यांची पद्धत वापरा. प्रत्येकाला पाच चिंचोके, पडद्याआड पर्यायागणिक एक झाकणाची बरणी, झाकणाला फट आणि बरणीवर कामाचं चित्र: नळ, दिवा, झाड, पदपथ. पाचही एकाच बरणीत टाकता येतात किंवा वाटून. यातून किती लोकांना काय हवं हे कळतंच, शिवाय किती तीव्रतेने हवं तेही कळतं. मोजणी सगळ्यांसमोर, एका मुलीने मोठ्याने मोजायची. चिंचोके नसतील तर कागदावर टिकल्या चिकटवूनही चालतं, पण तेव्हा आधीच्या टिकल्या पाहून मागचे लोक वाहवतात.

पहिल्या क्रमांकाचा पर्याय ठरला की लगेच ठराव करू नका. सूत्रसंचालकाने विचारायचं: हे झालं तर कुणाचं नुकसान आहे? त्या माणसांना पुन्हा दोन-दोन मिनिटं द्यायची आणि ठरावात अट घालून मार्ग निघतो का ते पाहायचं. पदपथ हवा, पण भाजीवाल्या मावशींची बसायची जागा आखून मगच. बहुमताने ठरवता येतं म्हणून घाईने ठरवलं, तर हरलेली बाजू दुसऱ्या दिवशी उलट निवेदन घेऊन त्याच कार्यालयात हजर होते आणि साहेबांना दोन्ही कागद बाजूला ठेवायला कारण मिळतं.

ठरावाची भाषा अशी असावी:

‘ठराव क्र. २. शाळेच्या फाटकापासून चौकापर्यंत सुमारे १८० मीटर लांबीचा, किमान १.८ मीटर रुंद पदपथ पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात घ्यावा. चौकाजवळ सध्या बसणाऱ्या ११ विक्रेत्यांची जागा आखून मगच काम सुरू करावे. सूचक, अनुमोदक. उपस्थित ६४, बाजूने ५१, विरोधात ७, तटस्थ ६. विरोधाचे कारण: दुकानांसमोर माल उतरवण्यास जागा राहणार नाही.’

विरोधाचं कारण लिहिलं म्हणून ठराव कमजोर होत नाही. उलट वाचणाऱ्याला कळतं की इथे खरोखर चर्चा झाली. ठराव सभेतच मोठ्याने वाचा, दुरुस्त्या घ्या आणि लोक उठायच्या आत सह्या घ्या. ‘नंतर टाइप करून पाठवतो’ म्हटलं की आठ दिवस जातात आणि मजकूर बदलल्याचा संशय येतो.

आवक क्रमांक आणि त्यानंतर

ठराव, इतिवृत्त, उपस्थितीची यादी, माहितीपत्रक आणि निवड कशी केली त्याचं अर्धं पान, असा संच करा. एक प्रत विभागीय कार्यालयात, एक शरणपूर रस्त्यावरच्या राजीव गांधी भवनात आयुक्तांच्या नावे, एकेक चारही नगरसेवकांना. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला कागद दिलाच नाही असं समजा. नावं-सह्या असलेली यादी समाजमाध्यमांवर टाकू नका, लोकांचे फोन नंबर त्यात असतात.

सात दिवसांनी फोन, पंधरा दिवसांनी दोघांनी प्रत्यक्ष जाऊन फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारायचं, तीस दिवसांनी माहिती अधिकारात ‘अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर दररोज काय कार्यवाही झाली, त्याच्या नोंदींच्या प्रती’ मागायच्या. दरवेळी तीच दोन माणसं पाठवू नका. ती थकतात, किंवा सभा त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागते. सहा जणांची यादी करा आणि महिन्याला जोडी बदला.

अंदाजपत्रकात काम घालायचं असेल तर सभेची तारीख उलटी मोजा. कायद्याप्रमाणे आयुक्तांनी १५ जानेवारीपर्यंत स्थायी समितीकडे अंदाजपत्रक द्यायचं असतं, प्रत्यक्षात तारखा पुढेमागे होतात. खात्यांकडून कामांच्या याद्या त्याच्या कितीतरी आधी मागवल्या जातात. म्हणून ठराव ऑक्टोबर संपायच्या आत कार्यालयात पोचला पाहिजे, सभा सप्टेंबरच्या शेवटी, गणपती आणि पितृपक्षाचे दिवस पाहून, आणि माहिती अधिकाराचा अर्ज जुलैत. मार्चमध्ये सभा घेऊन पुढच्या महिन्यात काम मागणाऱ्यांना ‘तरतूद नाही’ हे उत्तर मिळतं, आणि ते खरं असतं. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून प्रभागातली कामं अर्जाने मागवायला सुरुवात केली. नाशिकमध्येही तसं व्हावं ही मागणी प्रत्येक सभेने आपल्या पत्राच्या शेवटी एका ओळीत जोडावी. पन्नास ठिकाणांहून तीच ओळ गेली तर ती दिसते.

काम मंजूर झालं तर पाहणीसाठी चार जणांची समिती नेमा आणि कार्यादेशाची प्रत मिळवा. त्यात लिहिलेली लांबी, रुंदी, जाडी काम चालू असताना फितीने मोजा आणि फितीसह फोटो काढा. काँक्रीट पडल्यावर खालचा थर दिसत नाही, म्हणून खडीचा थर दाबला जातो त्या दिवशी कुणीतरी हजर हवं. मापात फरक दिसला तर ठेकेदाराच्या माणसांशी वाद घालू नका, त्याच दिवशी शाखा अभियंत्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

दुसरी सभा तीन महिन्यांनी घ्या. तिचा पहिला विषय मागच्या ठरावाचं काय झालं हाच असतो: कोणत्या तारखेला कुठे गेलो, काय उत्तर आलं, काहीच आलं नसेल तर तेही. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला बोलवा आणि काम झालं असेल तर सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन आभार माना. नंतर नोंदवही, पोच केलेल्या प्रती, मतदार याद्या आणि उरलेले चिंचोके हे सगळं एका पिशवीत घालून पुढच्या वेळच्या सूत्रसंचालकाच्या हाती द्या. त्याचं नावही चिठ्ठीनेच काढा.